ज्यांना सुतक नाही

आमची आई गेली त्या संध्याकाळी औशाच्या घरी ओसरीवर बसून गुरुजींनी सुतकाचा हिशेब सांगितला. मुलांना आणि सुनांना दहा दिवस, भाऊबंदांना पिढ्या मोजून, सासरी गेलेल्या लेकींना तीन. देवाला कोणी हात लावू नये, दहाव्याला नदीवर कोणी यावे, तेराव्याला पानावर कोणी बसावे, हे सारे त्यांनी इतक्या निःशंकपणे मुक्रर केले की, दुःखाचाही एखादा सातबारा असतो आणि त्यावर प्रत्येकाचा हिस्सा अगोदरच चढवलेला असतो, असे मला त्या अवस्थेतही वाटून गेले. गुरुजी उठायच्या बेतात होते, तेव्हा माझ्या थोरल्या वहिनींनी दाराआडून विचारले, "गुरुजी, दवाखान्यातल्या सिस्टरला किती दिवस हो?"

गुरुजींना प्रश्नच कळला नाही. "त्यांना कशाचं सुतक, ताई? त्यांचा काय संबंध?" असे ते म्हणाले, आणि धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते. वहिनींनी मान डोलावली आणि तांबे भरायला त्या आत गेल्या.

हा प्रश्न त्यांनी का विचारला हे त्या घरात एकट्या मलाच ठाऊक होते, आणि ते ठाऊक असण्याची मला लाज वाटत होती. त्याच दिवशी पहाटे इस्पितळात आईचा श्वास थांबला, डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत विजेरीचा उजेड टाकला आणि वेळ उच्चारली. तेव्हा खाटेशी उभ्या असलेल्या तरुण परिचारिकेने ती वेळ केसपेपरवर लिहून घेतली आणि पुढे काही ओळी लिहीतच राहिली. मी तिच्यावर ओरडलो. इथे माणूस गेला आणि तुम्ही लिहीत काय बसलात, असे काहीसे मी बोललो. तिने मान वर केली नाही. लिहिणे संपवले, पेनाला टोपण लावले, पडदा ओढला. आणि अर्ध्या तासाने आम्हाला आत बोलावले तेव्हा आईच्या कपाळाची घामाने चिकटलेली बट मागे सारून, केस विंचरून, तिची लहानशी वेणी घातलेली होती. ती वेणी घालण्याचा हुकूम तिला कोणत्याही नियमावलीने दिलेला नव्हता. वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या वेळी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे कित्येक महिन्यांनी, मी आपण होऊन तो विषय काढला तेव्हा, त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, ती लिहीत नव्हती. ती हात थरथरू नये म्हणून पेन धरून होती."

वहिनींनी चौतीस वर्षे लातूरला सरकारी नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून त्या रुजू झाल्या आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाल्या. ही नावे सरकारी दफ्तरातली. अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, सर्वांच्या वर अधिसेविका, अशी ती भारदस्त उतरंड आहे. पण खाटेवरच्या माणसासाठी त्या सगळ्या 'सिस्टर' असतात, आणि जी बाई बेडपॅन उचलते, फरशी पुसते व रात्री पेशंटच्या पायाशी बसते ती 'मावशी' असते. आजाऱ्याच्या भाषेत दवाखान्यातली सारी माणसे नात्यातलीच असतात. मरणाच्या दुसऱ्या क्षणी मात्र ही नाती संपतात, आणि ज्या हातांनी अखेरचा घोट पाजला त्या हातांचा आणि गेलेल्या माणसाचा काय संबंध, असा प्रश्न उरतो. हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिला आहे.

मरणानंतर वॉर्डात काय घडते हे नातेवाइकांना सहसा दिसत नाही, कारण तेव्हा पडदा ओढलेला असतो आणि ते बाहेर व्हरांड्यात एकमेकांना सावरत असतात. म्हणून ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे. सलाईनची सुई, नाकातली नळी, लघवीची नळी काढायची. मृत्यू संशयास्पद वा अपघाती असेल, म्हणजे दवाखान्याच्या बोलीत 'एमएलसी' असेल, तर मात्र काही काढायचे नाही, जसे आहे तसे शवविच्छेदनासाठी ठेवायचे. डोळे मिटायचे, पापण्या मिटल्या नाहीत तर त्यांवर ओला कापूस ठेवून थोडे थांबायचे. हनुवटीखालून पट्टी घेऊन ती डोक्यावर बांधायची, कारण जबडा एकदा कडक झाला की उघडे तोंड पुन्हा मिटत नाही आणि घरची माणसे ते तोंड आयुष्यभर विसरत नाहीत. अंग पुसायचे. पायांचे अंगठे एकत्र बांधायचे. नाव, वय आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी बांधायची. दागिने मोजून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नातेवाइकांच्या हवाली करायचे. मणी, कानातले फूल यांच्या नोंदीत 'सोन्याचे' असे कधी लिहायचे नाही, 'पिवळ्या धातूचे' असे लिहायचे, हा शहाणपणा प्रत्येक नवी मुलगी पहिल्या वर्षातच शिकते. मग नोंदवही, मग दूरध्वनी, मग गादी पुसून नवी चादर. आणि पुष्कळदा ती चादर थंड आहे तोवरच पुढचा पेशंट स्ट्रेचरवर दाराशी आलेला असतो.

या साऱ्याला तास लागत नाही. पण अनुभवी परिचारिकांना विचारले तर त्या सांगतात की, मनाला जे काय सावरायचे असते ते याच तासात सावरते. अंग पुसताना त्या माणसाशी बोलण्याची सवय अनेकींना असते. "आजोबा, या कुशीवर घेते हं," असे जिवंत माणसाला म्हणावे तसे त्या म्हणतात. वहिनींच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीने पहिला मृत्यू पाहिला की त्या तिला चहाला पाठवीत नसत. तिला बरोबर घेऊन, तिच्याच हाताने ते अंग पुसून घेत. यात कठोरता आहे असे मला पूर्वी वाटे. त्यांचे म्हणणे असे होते की, पळून गेलेली मुलगी तो चेहरा घेऊन पळते, आणि जिने तो चेहरा आपल्या हाताने स्वच्छ केला तिला तो पुन्हा छळायला येत नाही. याला शास्त्रीय पुरावा काय आहे हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. चौतीस वर्षांची त्यांची स्वस्थ झोप मला पुरेशी वाटली.

आमच्या या मुलखात त्या एका तासाला आणखी एक विद्या लागते. औसा, निलंगा, उदगीर या पट्ट्यात हिंदू, मुसलमान, लिंगायत, बौद्ध अशी सर्व प्रकारची माणसे एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी असतात, आणि प्रत्येकाच्या मरणाचे शिष्टाचार निराळे असतात. मुसलमान घरच्यांना मयत लवकर हवी असते, कारण गुस्ल, म्हणजे मयताचे स्नान, आणि दफन यांना विलंब नको असतो. तेव्हा कागदपत्रे त्यांची आधी करायची. हिंदू म्हातारीच्या उशाशी तुळशीचे पान आणि गंगेचे पाणी असलेली इवलीशी लोटी असते. श्वास लागला की ती कुठे ठेवली आहे हे परिचारिकेला माहीत हवे. लिंगायतांच्या कपाळी विभूती असते आणि गळ्यात इष्टलिंग असते. ते काढून दागिन्यांच्या पुडीत टाकणे हा त्या माणसाचा मोठा अपमान होईल. याच लिंगायतांच्या आचारधर्मात सुतक मानीत नाहीत. जनन, मरण, जाती, रज आणि उच्छिष्ट या पाचांचाही विटाळ बसवण्णांच्या परंपरेने अमान्य केला आहे. विटाळाविना शोक कसा करावा हे ज्याच्या शेजाऱ्यांना शतकानुशतके ठाऊक आहे, त्या आमच्या गावाने परिचारिकेच्या शोकाचा कधी विचार करू नये, याचे मला वैषम्य वाटते.

आणि इतक्या रीती जाणणारी ही बाई स्वतः बोलताना 'पेशंट एक्स्पायर झाला' असे म्हणते. मराठीत मरणाला शब्दांची वाण आहे काय? कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी, लिंगैक्य. निवर्तले, वारले, खपले, देवाघरी गेले. पण यांतला प्रत्येक शब्द कोणत्यातरी उंबऱ्याच्या आतला आहे. एक तर तो देवाचे नाव सांगतो किंवा बोलणाऱ्याचे नाते सांगतो. परिचारिकेला दोन्ही सांगण्याचा अधिकार नाही. म्हणून तिने असा एक परका शब्द उचलला की जो कोणाच्याच घरचा नाही. मुदत संपलेल्या औषधाच्या बाटलीवर असतो तोच तो शब्द, अशी टीका मी ऐकली आहे. ज्याने ती टीका केली त्याने तो शब्द रात्री तीन वाजता, पलीकडच्या माणसाला धक्का कमीत कमी बसावा अशा हळू आवाजात, दूरध्वनीवरून उच्चारलेला ऐकलेला नाही.

आता किल्लारीविषयी लिहिले पाहिजे. औसा तालुक्यातल्या माणसाने मरणावर लिहावे आणि किल्लारी टाळावी, हे शक्य नाही.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, उशिरापर्यंत जागून, गावे नुकती झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. पण आमच्याकडची घरे दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद, जे उन्हाळ्यात घर गार ठेवी म्हणून पिढ्यान् पिढ्या आम्हाला भूषण वाटे. ती माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. औसा तालुक्यातली किल्लारी, पलीकडे तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर, आणि तेरणेच्या खोऱ्यातली इतर गावे मिळून मृतांचे आकडे निरनिराळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिलेले आहेत. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. वर्षभरापूर्वी, १९९२ च्या पावसाळ्यात व त्यानंतरही, किल्लारीला धक्के बसले होते, माणसे काही दिवस बाहेर झोपली होती, आणि मग घरात परतली होती. चितांसाठी लाकूड पुरेना तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया वापरल्या गेल्या. त्यात पाऊस.

वहिनी त्या सकाळी ड्यूटीवर नव्हत्या. औशाचे आमचे घरही हलले होते, भिंतीला चीर गेली होती. पोरांना अंगणात बसवून, सासूच्या स्वाधीन करून, त्या मिळेल त्या वाहनाने लातूरला गेल्या आणि पाचव्या दिवशी घरी आल्या. त्या पाच दिवसांविषयी त्या फार बोलत नाहीत. जे बोलल्या ते असे की, मेलेल्यांचे त्यांना काही वाटले नाही, वाटायला वेळच नव्हता. ज्यांनी त्यांना हरवले ते जिवंत आलेले पेशंट. ढिगाऱ्याखालून दहा-बारा तासांनी काढलेला माणूस शुद्धीवर असे, बोले, पाणी मागे, गावची चौकशी करी. मांडीवर मोठी जखमही नसे. पण चेंगरलेले स्नायू दाबातून मोकळे झाले की त्यांतली विषारी द्रव्ये रक्तात उतरतात, लघवी चहाच्या रंगाची होते, मग कमी होते, मग थांबते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा ढिगाऱ्यांतून सुखरूप काढलेली माणसे काही दिवसांनी का मरतात याचे वर्णन १९४१ साली बायवॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले होते. लघवीच्या पिशवीवरचे आकडे दर तासाला लिहिणे हे परिचारिकेचे काम. म्हणजे जो माणूस आपल्याशी हसून बोलतो आहे त्याचा मृत्यू त्या आकड्यांतून तिला त्याच्या आधी दिसू लागे.

एका आईने आपले गेलेले मूल छातीशी घट्ट धरले होते आणि ती सारखी म्हणत होती, "सिस्टर, लेकरू श्वास घेऊलालंय की!" वहिनींनी ते मूल तिच्याकडून घेतले नाही. घ्यायला हवे होते, जागा हवी होती, खालून हाका येत होत्या. त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि दोघींनी मिळून त्या मुलाच्या तोंडावरची माती पुसली, नाकातली, कानातली, केसांतली. ते झाल्यावर तिनेच ते मूल खाली ठेवले.

आणि त्या दिवसांत केसपेपरवरचा एक रकाना पुष्कळदा रिकामाच राहिला: 'नातेवाईक'. घरातला एकच माणूस वाचला आणि तोही दवाखान्यात गेला, तर त्याचे सुतक धरायला घरात कोणी उरलेले नाही. ज्योतिषाच्या पंचांगात पाहिले तर त्याच दिवशी भाद्रपद पौर्णिमा होती, म्हणजे पितृपक्ष उंबरठ्यावर आला होता; आणि पितरांना पाणी देणारे हातच त्या मातीखाली होते. तेव्हा प्रेताचे डोळे मिटणारी ती परकी बाई, हेच त्या माणसाचे या जगातले शेवटचे गणगोत नव्हे काय?

हे काम आमच्या समाजात कोणी अंगावर घेतले याचा इतिहास थोडा आठवला पाहिजे, कारण परिचारिकेची उपेक्षा नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात रोगी आणून घातले, त्यांची सेवा केली आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले आणि रमाबाई रानड्यांनी तरुण विधवांना ससून इस्पितळात शुश्रूषेचे शिक्षण घ्यायला धाडण्याचे धाडस केले, तेव्हा परपुरुषाच्या अंगाला हात आणि मेलेल्याचा विटाळ या दोन गोष्टींवर त्यांना काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना आज करवत नाही. ज्या बायकांना घरात अशुभ मानून मंगलकार्यातून वगळले जाई, त्यांच्याच हाती समाजाने आपली मरणे सोपवली. आणि ज्या इंग्रज बाईचे नाव प्रत्येक परिचारिकेच्या शपथेशी जोडलेले असते त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या इस्पितळात माणसे मरताना पाहून दोन गोष्टी केल्या: मेलेल्यांची काटेकोर गणती ठेवली, आणि त्यांच्या घरी पत्रे लिहिली. लिहिणे हाच तिचाही आधार होता. आमच्या आईच्या खाटेशी त्या मुलीच्या हातात पेन पाहून मी ओरडलो, तेव्हा हे मला ठाऊक असायला हवे होते.

परिचारिका निगरगट्ट होतात, असे लोक सरसकट म्हणतात. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या इस्पितळातील परिचारिकांचा अभ्यास केला, आणि त्यांना जे दिसले ते असे की, निगरगट्टपणा माणसांत नसून व्यवस्थेत भरलेला होता. काम तुकड्या-तुकड्यांत वाटायचे, म्हणजे एकीचा एकाच माणसाशी फार संबंध येणार नाही. माणसाला नावाने न ओळखता खाटेच्या आकड्याने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखायचे. सारख्या बदल्या करायच्या. हे सर्व परिचारिकेला दुःखापासून वाचवण्यासाठी होते, आणि त्यानेच ती अधिक एकटी पडत होती; चांगल्या मुली शिक्षण सोडून जात होत्या. आमच्याकडे तर या तटबंदीला गर्दीची भर आहे. शिक्षणसंस्थांच्या इस्पितळांत तीन रोग्यांमागे एक आणि इतरत्र पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तो दंडक कागदावर वाचावा आणि मग कोणत्याही जिल्ह्याच्या गावी रात्रपाळीला वॉर्डात जाऊन खाटा मोजाव्यात. 'नऊ नंबर गेला' असे ती म्हणते ते नाव विसरते म्हणून नव्हे. दहा नंबरला अजून सलाईन लावायची असते.

किल्लारीनंतर कोणते मरण कठीण गेले, असे मी विचारले तेव्हा वहिनी भूकंपावर परतल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पॉयझनिंगच्या केसेस. मराठवाड्यातल्या कोणत्याही दवाखान्यात खरीप बुडाले की ही माणसे येऊ लागतात, पिकावर फवारायचे औषध पिऊन. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ॲट्रोपिनचे इंजेक्शन पुन्हा पुन्हा द्यायचे, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत, तोंड कोरडे पडेपर्यंत, आणि रात्रभर बाजूला बसून पाहायचे. त्या औषधाचा दर्प परिचारिकेच्या साडीला, हातांना, नाकाला दोन-दोन दिवस चिकटून राहतो. बायको बाहेर त्याच्या चपला पदरात धरून बसलेली असते. कित्येकदा शुद्धीवर आल्यावर तो माणूस म्हणतो, सिस्टर, चुकलो, मला वाचवा. आणि त्यानंतर तो जातो. मग पोलीस, पंचनामा, जबानी. घरच्यांना सुतक, सरकारला अहवाल, वर्तमानपत्राला आकडा. ज्या बाईला तो 'मला वाचवा' म्हणाला तिच्या वाट्याला काय?

ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही त्याविषयी केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली ग्रंथ सिद्ध केला. आमच्याकडे त्याला नाव नसले तरी त्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. मुंबईच्या केईएम इस्पितळातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षे ती त्याच इस्पितळात, चौथ्या वॉर्डालगतच्या लहानशा खोलीत होती, आणि तिला भरवणे, न्हाऊ घालणे, कुशीवर वळवणे हे परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी केले. ज्या मुली तिच्यावरच्या हल्ल्याच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या त्यांनी तिचे वाढदिवस साजरे केले. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढेही आली. शुश्रूषा ज्याने केली आहे त्यालाच कळेल की हे एक वाक्य किती हजार रात्रींचे आहे.

तिच्या दयामरणासाठी लेखिका पिंकी विराणी यांनी न्यायालयात अर्ज केला, तेव्हा त्यामागेही करुणाच होती यात मला शंका नाही. ७ मार्च २०११ च्या निकालाने तो अर्ज फेटाळला गेला, आणि तो देताना न्यायालयाने जे म्हटले ते या लेखाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे: अरुणेचे निकटचे हितचिंतक कोण, या प्रश्नाचे उत्तर केईएमचे सेवक असे देण्यात आले. रक्ताचे नाते नाही, लग्नाचे नाही, मैत्रीचेही कित्येकींचे नाही. तरी देशाच्या वरिष्ठ न्यायासनाने परिचारिकेच्या संबंधाला संबंध म्हटले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली. तिला अग्नी कोणी द्यायचा, हा प्रश्न तेव्हाही उभा राहिलाच; अखेर तिचे एक नातलग आणि इस्पितळाचे अधिष्ठाता या दोघांनी मिळून तो दिला, आणि परिचारिका रडत उभ्या होत्या. त्या दिवशी वहिनी दूरदर्शनसमोरून हलल्या नाहीत. बेचाळीस वर्षे सांभाळलेले माणूस जाते म्हणजे ती सुटकाच की, असे घरात कोणी म्हणाले, तेव्हा त्यांनी इतक्या तीव्रतेने वळून पाहिले की तो विषय तिथेच थांबला.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली तोवर वहिनी निवृत्त झाल्या होत्या. पण त्यांच्या हाताखालच्या मुलींचे फोन रात्री-अपरात्री येत. त्या मुली सांगत की, घरच्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा मरणाऱ्याच्या कानाशी फोन धरून आम्हीच उभ्या राहतो. पलीकडून मुलगी 'पप्पा' म्हणून हाक मारते, आणि त्या हाकेला ओ देता येत नाही. वहिनी त्यांना उपदेश करीत नसत. "जेवलीस का?" असे विचारीत. आणि ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दिवसात चोवीस रोगी गेले, त्यांत बारा नवजात अर्भके होती, तेव्हा औषधे, रिक्त पदे आणि जबाबदारी यांवर रास्तच गदारोळ झाला. त्या गदारोळात, ज्यांच्या हातात ती बारा बाळे होती त्या परिचारिका घरी कशा गेल्या असतील, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

घरी जाणे, हीच यातली अवघड गोष्ट आहे. लातूर ते औसा हे अंतर वीसेक किलोमीटरचे; एसटीने अर्धा तास, थोडा अधिक. वहिनी नेहमी खिडकीची जागा धरीत आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेत. आम्हाला वाटे उन्हासाठी. लातूरचा स्टँड सुटला की त्या रडत, आणि औशाच्या भुईकोटाचा तट दिसू लागला की डोळे पुसत. चौतीस वर्षांच्या नोकरीतले त्यांचे सुतक एवढेच. घरी आल्यावर त्या कोणाला शिवत नसत, पोरांनाही नाही. सरळ न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेत आणि ओल्या केसांनी चुलीपुढे बसत. आई म्हणे, दवाखान्याचा विटाळ धुतला, बरे झाले. मीही तसेच समजत होतो. आज वाटते, दहाव्या दिवशी नदीवर आपण जे स्नान करतो आणि ज्यानंतर घर पुन्हा घर होते, ते स्नान ही बाई एकटी, कोणाला न सांगता, आठवड्यातून कित्येकदा करीत होती.

गेल्या सर्वपित्रीला मी औशाला होतो. माळवद केव्हाच गेले; भूकंपानंतर दोन वर्षांनी आम्ही ते उतरवून घेतले, आता वर स्लॅब आहे. वहिनींनी खीर, वडे, कढी असा साग्रसंगीत स्वयंपाक केला होता. बारा वाजता त्या पान घेऊन गच्चीवर निघाल्या, तेव्हा त्यांच्या हातात दोन पाने होती. गुडघे दुखतात म्हणून एक मी घेतले. कठड्यावर दोन्ही शेजारी-शेजारी मांडली.

"हे आईंचं," त्या म्हणाल्या.

"आणि हे?"

"हे वॉर्डाचं."

त्यांनी दोन्ही पानांभोवती पाणी फिरवले, पदराने हात पुसले, आणि खाली गॅसवर दूध आहे, जरा बघता का भाऊजी, असे म्हणाल्या.